मंत्राची किंमत, गदेचा वाटा

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मेजाभोवती खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळांतला एक वाद पन्नास वर्षे झाली तरी मिटलेला नाही. टोळीतल्या चार-पाच जणांपैकी कुणी तलवार उचलतो, कुणी मंत्र. पहिल्या काही लेव्हलपर्यंत तलवारवाला मंत्रवाल्याला पाठीशी घालून जगवतो. मग दोघे बरोबरीला येतात. पुढे अशी वेळ येते, की मांत्रिक एका वाक्यात जे उरकतो त्याला लढवय्याची अख्खी संध्याकाळ जाते, तीही फासे साथीला असतील तर. लढवय्या बेरजेने वाढतो आणि मांत्रिक गुणाकाराने, असे खेळणारे म्हणतात ते यामुळेच. लढवय्याला लेव्हलमागे थोडी अचूकता आणि थोडा जीव मिळतो. मांत्रिकाचे मंत्र संख्येने वाढतात, नवे मंत्र आधीच्यांपेक्षा मोठे असतात, आणि कित्येक जुने मंत्रही त्याच्याबरोबर तगडे होत जातात.

या वादाच्या दोन बाजू येथे शेवगावच्या काका-पुतण्यांच्या तोंडी घातल्या आहेत. दोघे कल्पित आहेत, गाव मात्र मुद्दाम निवडले आहे. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. धुंडिसुत मालू यांनी १८१९ साली रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या पोथीची पारायणे या भागात आजही होतात. अग्न्यस्त्राला पर्जन्यास्त्र, पर्वतास्त्राला वज्रास्त्र, मंतरलेल्या भस्माची चिमूट, ही विद्या इथल्या श्रोत्याला नवी नाही. काका निवृत्त शिक्षक, श्रावणात पोथी लावणारे. पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत गावी आला की मित्र जमवून तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालवतो. या खेळात तो डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियमांचा पंच.

पुतण्याचे म्हणणे सरळ आहे. “काका, पाच जण खेळायला बसतात. पाचही जणांनी तेवढाच वेळ काढलेला असतो. मग सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला आणि दुसऱ्याने नुसतं ढाल धरून उभं राहायचं, हे चालणार नाही. नियम लिहिणाऱ्याने आधी हा तोल सांभाळावा, मग बाकीचं.”

काकांना ते मान्य नाही. “अरे, मंत्र तलवारीएवढाच असेल तर तो मंत्र कसला? तो मोठाच असला पाहिजे. फक्त फुकट नको. त्याला किंमत लाव, म्हणजे तोल आपोआप येतो.”

या दोन्ही भूमिकांची मुळे खेळाच्या जन्मातच सापडतात. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा १९७१ सालचा खेळ मुळात मध्ययुगीन लढायांचा, शिशाच्या छोट्या सैनिकांनी खेळायचा होता. त्याच्या शेवटी अद्भुताची एक पुरवणी होती. त्या पुरवणीतला जादूगार म्हणजे जवळजवळ तोफखानाच. त्याचा अग्निगोल मोठ्या गोफणयंत्राच्या मापाने पडे आणि वीज तोफेच्या मापाने. शेकडो सैनिकांच्या रणात एक तोफ असायला कुणाची हरकत नसते. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा रण आटून तळघरातला बोळ उरला आणि सैन्याच्या जागी चार-पाच माणसे आली. तोफ मात्र तशीच राहिली. लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपासक अशा तीनच जातींची पात्रे त्या पहिल्या संचात होती.

तोफेला लगाम हवा होता, तो जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकातून घेतला गेला. त्या कथांतला मांत्रिक मोजकेच मंत्र डोक्यात भरून घेतो, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो स्मरणातून पुसला जातो. खेळात हा नियम तसाच आला. सकाळी पाठ केलेला मंत्र दिवसात एकदाच. ऐन वेळी विद्या आठवू नये हा कर्णाला मिळालेला परशुरामांचा शाप. व्हान्सच्या मांत्रिकाला तो शाप रोजचाच आहे, एवढाच फरक.

१९७८ सालच्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तकात किमतींची यादी आणखी वाढली. पहिल्या लेव्हलचा मांत्रिक चार बाजूंचा एकच फासा टाकून आपला जीव ठरवी, म्हणजे एखाद्या उंदरानेही तो मरू शकत असे. दिवसाला मंत्र एक. मंत्र म्हणायला वेळ लागे, आणि तेवढ्यात कुणी वार केला की मंत्र वाया. अंगात वेग भरणाऱ्या मंत्राने ज्याच्यावर तो टाकला त्याचे वय वर्षाने वाढे. अग्निगोलाचा नियम तर मुळातूनच पाहावा. त्याचा स्फोट ३३,००० घनफूट जागा भरून काढी, आणि जागा अरुंद असली तर आग वाट मिळेल तिकडे पसरे. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात हे गणित ३३० फूट लांबीचे होते. तळघरे अशाच बोळांची बनलेली असत. त्यामुळे अग्निगोल टाकणाऱ्याला आधी मनात भूमिती करावी लागे, आणि चुकली तर स्वतःची टोळी भाजे.

लढवय्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. मंत्राला दाद न देण्याचा जो फासा असतो, तो त्या आवृत्तीत लढवय्याच्या अनुभवाबरोबर सोपा होत जाई. सतराव्या लेव्हलपासून वीस बाजूंच्या फाशावर सहा पडले तरी मंत्र टळे, मग तो टाकणारा कितीही मोठा असो. दुसरे म्हणजे नवव्या लेव्हलला पोचलेल्या लढवय्याने गढी बांधली, की त्याच्या पदरी सैनिक येऊन राहत.

“बघ,” काका म्हणतात, “त्याला वतन मिळायचं. मांत्रिकाकडे विद्या, याच्याकडे माणसं. पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना अक्कल होती.”

“काका, अर्धीच होती. दुसऱ्या लेव्हलला जायला लढवय्याला २,००१ गुण लागायचे, मांत्रिकाला २,५०१. इथपर्यंत ठीक. पण सातव्या लेव्हलला लढवय्याला ७०,००१ आणि मांत्रिकाला ६०,००१. म्हणजे मांत्रिक दुबळा होता तोवर त्याला मागे ओढलं, आणि तगडा झाल्यावर पुढे ढकललं! आणि त्याआधीचं काय? पहिल्या लेव्हलचा मांत्रिक एक मंत्र टाकायचा आणि उरलेली संध्याकाळ खंजीर फेकत बसायचा. आधी एकाने कंटाळायचं, नंतर दुसऱ्याने, याला तोल म्हणत नाहीत. वर्षाचा हिशोब जुळला तरी रविवारचा जुळत नाही, आणि माणसं रविवारी खेळायला येतात.”

या ठिकाणी पुतण्याची बाजू भक्कम आहे. जुन्या रचनेचा तोल पूर्ण आयुष्यावर पसरलेला होता: बालपणी दुबळा राहिलास म्हणून म्हातारपणी बलवान हो. पण असंख्य टोळ्यांचा खेळ दहाव्या लेव्हलच्या आतच थांबतो. कुणाची बदली होते, कुणाचे लग्न ठरते. पहिली बाजू सोसलेल्याला दुसरी बाजू भोगायला मिळेलच याची हमी नियमांत कुठेच नव्हती.

पुढे टीएसआर ही मूळ कंपनी १९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. या आवृत्तीने बरेच काही सुटसुटीत केले. सगळ्या जातींना गुणांचा एकच तक्ता दिला, फासा एकाच पद्धतीने टाकायची सोय केली. मांत्रिकाच्या वाटेतले काटेही याच सफाईत निघाले. जपून मंत्र म्हणण्याची सोय झाली, त्यामुळे शेजारी शत्रू उभा असतानाही मंत्र सहसा वाया जाईना. अग्निगोल आता नेमक्या वर्तुळापुरता फुटू लागला आणि बोळातली भूमिती संपली. मंत्र कागदावर उतरवून किंवा कांडीत भरून ठेवणे स्वस्त झाले, म्हणजे दिवसाच्या मर्यादेलाही पळवाट निघाली. यातला एकेक बदल सुटा पाहिला तर शहाणपणाचाच आहे. कटकट कुणाला हवी असते?

मंत्र टाळण्याच्या फाशाचे उलटे होणे मात्र साधी सफाई नव्हती. तिसऱ्या आवृत्तीत मंत्र टाळायला लागणारा आकडा मांत्रिकाच्या बळावर ठरू लागला: दहा, अधिक मंत्राची पायरी, अधिक मांत्रिकाच्या बुद्धीचा लाभ. दहाव्या लेव्हलचा मांत्रिक पाचव्या पायरीचा वशीकरण मंत्र टाकतो, त्याच्या बुद्धीचा लाभ पाच, म्हणजे आकडा वीस. समोर दहाव्याच लेव्हलचा लढवय्या. त्याच्या मनोबळाचा आकडा तक्त्यात तीन, समजुतीचा एक धरला तर चार. त्याला फाशावर सोळा किंवा वर हवेत. वीस वेळांतून पाच. मन त्याच्या हातात राहण्याची शक्यता चारांत एक, आणि ते गेले की तलवार आपल्याच टोळीवर फिरते.

“म्हणजे मंत्र मोठा झालाच नाही,” काका म्हणतात. “मंत्र होता तेवढाच आहे. तुम्ही त्याची किंमत काढून टाकलीत, आणि आता लढवय्या गरीब झाला म्हणून रडताय.”

काकांचे हे वाक्य या विषयावरच्या कित्येक लांबलचक चर्चांपेक्षा नेमके आहे. अग्निगोल १९७४ मध्येही ताकदवानच होता. बदलली ती त्याच्याभोवतीची अडचण. अडचण हा नियमाचा दोष समजून दुरुस्त करत गेले, आणि ती अडचणच तोलाचे निम्मे काम करत होती हे फार उशिरा लक्षात आले.

यावर पहिला मोठा उपाय २००८ साली चौथ्या आवृत्तीने केला. रॉब हाइन्सू यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या रचनेत सगळ्या जातींना एकाच साच्यातले डाव मिळाले. काही हवे तेव्हा वापरायचे, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. लढवय्याचेही दिवसातून एकदाचे डाव होते, मांत्रिकाचेही. शत्रूला स्वतःकडे खिळवून ठेवण्याचे खास काम लढवय्याकडे आले. आकड्यांच्या दृष्टीने इतकी समान आवृत्ती त्यापूर्वी झाली नव्हती. तरीही तिच्यावर सगळ्यात जास्त भांडणे झाली, आणि जुन्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभ्या केलेल्या ‘पाथफाइंडर’कडे २००९ पासून पुष्कळ खेळाडू वळले.

पुतण्याला चौथी आवृत्ती आवडते. “लढवय्या प्रत्येक वेळी निवड करतो, काय करू, कुठे सरकू, कुणाला अडवू. आधी त्याचं काम काय होतं? मी मारतो. पुन्हा मारतो. पुन्हा मारतो.”

“आणि तलवारीचा एक वार दिवसातून एकदाच का रे? दुपारनंतर हात विसरतो का? मंत्र विसरला तर मी समजू शकतो. वार कसा विसरेल?”

याला पुतण्याकडे चांगले उत्तर नाही, आणि त्या आवृत्तीकडेही नव्हते. नियम समान करता येतात. पण नियम ज्या गोष्टीचे रूप आहे ती गोष्ट ऐकणाऱ्याला पटली नाही, तर समानतेचे कौतुक होत नाही. मंत्र संपतो हे व्हान्सने पटवून दिले होते. वार संपतो हे कुणीच पटवून दिले नाही.

मग काका महाभारत काढतात, आणि वाद रंगतो. इंद्राने कर्णाला दिलेली वासवी शक्ती एकदाच वापरायची होती. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली. युद्धाच्या चौदाव्या दिवशी रात्रीही लढाई चालू राहिली, रात्रीच्या बळाने घटोत्कच आवरेना, आणि ती शक्ती त्याच्यावर खर्ची पडली. सैन्य वाचवायला सगळ्यात मोठा डाव गेला. कृष्णाला हवे होते तेच झाले. अश्वत्थाम्याच्या नारायणास्त्रासमोर शस्त्र खाली ठेवले की ते निष्प्रभ होई, आणि दुसऱ्यांदा सोडले तर सोडणाऱ्यावरच उलटे. सौप्तिक पर्वात तर अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो आणि अश्वत्थाम्याला ते जमत नाही. अस्त्र सोडता येणे आणि आवरता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हा नियम अजून एकाही खेळाने नीट वापरलेला नाही.

“आणि या सगळ्यात भीम बघ,” काका सांगतात. “त्याच्याकडे अस्त्रांचा साठा नाही. गदा आणि दंड. पण हिडिंब त्याचा, बक त्याचा, जरासंध त्याचा, कीचक त्याचा. शंभर कौरव त्याचे. दुर्योधनाची मांडी त्याची. अर्जुनाकडे गांडीव आहे, पाशुपत आहे, म्हणून भीमाचा वाटा कुणी कमी केलाय का? व्यासांनी ताकद सारखी नाही वाटली. कामं वाटली. भीमाच्या प्रतिज्ञेला अर्जुन हात लावत नाही.”

“व्यासांच्या हातात लेखणी होती, काका. माझ्या मेजावर अर्जुन खेळणारा मुलगा कीचकाच्या खोलीबाहेर थांबणार नाही. तो म्हणेल, माझ्याकडे झोपेचा मंत्र आहे, टाकतो. झोपला कीचक. भीमाने नाट्यशाळेत अंधारात बसून काय करायचं? आणि तुमची पोथी बघू. राजाचं सैन्य नाथांवर चालून जातं तेव्हा काय होतं?”

काका जरा थांबतात, कारण पोथीत काय होते ते त्यांना पाठ आहे. नाथाने भस्माची चिमूट फेकली की सैन्य जागच्या जागी खिळते. नवनाथांच्या कथांत शस्त्रधाऱ्याला जवळजवळ वाटाच नाही. तिथे मंत्राला उत्तर मंत्राचेच असते. मच्छिंद्रनाथ आणि मारुती यांच्या झुंजीत मारुती पर्वत फेकतो आणि मच्छिंद्रनाथ वाताकर्षणाने त्याचेच अंग जखडून टाकतात. बळाचा देव उभ्या जागी अडकतो, आणि शेवटी वायूला मध्यस्थीला यावे लागते. ही गोष्ट मंत्राचा महिमा सांगण्यासाठी आहे आणि त्या कामात ती अचूक आहे. चार जणांनी मिळून खेळायच्या खेळाचा पाया म्हणून ती वापरली, तर तिघांना मारुती व्हावे लागेल.

“बरं,” काका म्हणतात. “पण तिथेही विद्या आयती नाही. आधी अनुष्ठान, मग देवता प्रसन्न, मग मंत्र सिद्ध. तुमचा पोरगा लेव्हल चढला की सकाळी उठून दोन नवे मंत्र वहीत लिहितो. कुणी दिले रे?”

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने या भांडणात मध्यममार्ग काढायचा प्रयत्न केला, आणि आज बहुतेक नवे खेळाडू याच आवृत्तीच्या नियमांनी किंवा तिच्या २०२४ च्या सुधारित रूपाने खेळतात. तिची सगळ्यात चांगली युक्ती एकाग्रतेची आहे. उडणे, अदृश्य होणे, शत्रूला जखडणे असे टिकून राहणारे बहुतेक मंत्र एका वेळी एकच धरता येतात, आणि मांत्रिकाला मार बसला की फाशावर एकाग्रता टिकवावी लागते. तिसऱ्या आवृत्तीतला मांत्रिक अंगावर सहा-सहा मंत्र चढवून लढाईत उतरे, ते बंद झाले. काकांची किंमत इथे थोडी परत आली.

पण या आवृत्तीचा तोल एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा नियमांत नसून वेळापत्रकात आहे. पाचव्या लेव्हलचा मांत्रिक अग्निगोल टाकतो तेव्हा सहा बाजूंचे आठ फासे पडतात, सरासरी २८. वीस फुटांच्या त्रिज्येत सहा गॉब्लिन सापडले आणि कुणीच वाचवणारा फासा जिंकला नाही, तर १६८. त्याच लेव्हलचा लढवय्या दोन हातांच्या तलवारीचे दोन वार करतो, अंगबळाचे चार धरून वाराला सरासरी ११, दोन्ही लागले तर २२. हे आकडे शेजारी ठेवले की लढवय्या संपलेला दिसतो. मात्र त्या मांत्रिकाकडे असे मंत्र दिवसाला दोन, आणि थोडी विश्रांती घेऊन आणखी एक. मग खालच्या पायऱ्यांचे मंत्रही संपले की त्याच्या हातात छोटी अग्निशलाका उरते, सरासरी ११. लढवय्याचे २२ मात्र दिवस मावळेपर्यंत चालू असतात. डीएमसाठीच्या २०१४ च्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ लढाया धरल्या आहेत. तेवढ्या झाल्या तर हिशोब बऱ्यापैकी बसतो.

होत मात्र नाहीत. रविवारी तीन तासांत एक लढाई होते, फार तर दोन. मग टोळी मुक्काम करते आणि सकाळी मांत्रिक पुन्हा भरलेला. लढवय्याचा दिवसभर टिकण्याचा गुण वापरायला दिवसच मिळत नाही.

“मग त्यांना झोपू देऊ नकोस,” काका सुचवतात.

“कसं? मांत्रिक म्हणतो, माझे मंत्र संपले, थांबू या. बाकीचे थांबतात, कारण त्याच्याशिवाय पुढे गेले तर सगळेच मरतील. किंमत त्याची, आणि भरतात सगळे. म्हणून मी म्हणतो, नुसती किंमत लावून भागत नाही. ती कुणाच्या खिशातून जाते ते बघावं लागतं.”

“लग्नघटका ठेव. पलीकडे कुणाचा तरी बळी सूर्योदयाला आहे. थांबले तर तो गेला. अभिमन्यू चक्रव्यूहात असताना पांडव म्हणाले का, उद्या जाऊ?”

पुतण्याला हे पटते, आणि अनुभवी डीएमही बहुधा हेच करतात. रात्रीच्या मुक्कामाला शत्रूच्या घड्याळाशी बांधतात. छोटी विश्रांती मिळते, मोठी कमवावी लागते. या एका सवयीने आकड्यांतला बराचसा कल सरळ होतो, एकही नियम न बदलता.

जो कल यानेही सरळ होत नाही तो लढाईबाहेरचा आहे, आणि खरे दुखणे तिथेच आहे. कुलूपबंद दार, उंच तट, पूर आलेली नदी, खोटे बोलणारा पाटील, दोनशे कोसांवरचे शहर. मांत्रिकाच्या वहीत या प्रत्येकाला उत्तर आहे: उघड, उड, तरून जा, मन वाच, क्षणात पोच. लढवय्याकडे जोर लावायचा एक फासा आहे, आणि तो मांत्रिकाच्या बैलालाही जमतो. पाचव्या आवृत्तीने लढवय्याला लढाईतले डाव पुष्कळ दिले. त्याच्या एका शाखेला चार खास फासे दिले, ज्यांतून तो शत्रूला पाडतो, ढकलतो, घाबरवतो, आणि छोट्या विश्रांतीत ते परत मिळतात. २०२४ मध्ये प्रत्येक शस्त्राला स्वतःचा गुण आला, आणि दम सावरण्याची शक्ती लढवय्याला लढाईबाहेरच्या कामात अपयशी फाशाला जोडता येऊ लागली. बदल योग्य दिशेचा आहे, पण चिमूटभर.

इथे काकांचे वतन पुन्हा वर येते. नवव्या लेव्हलला गढी आणि शिबंदी देणारा जुना नियम नव्या आवृत्त्यांनी लढवय्याच्या मूळ शक्तींतून वगळला, कारण तो हिशोबाला अवघड होता आणि टोळीने सतत फिरावे अशी अपेक्षा होती. या सगळ्या इतिहासातले मोठे नुकसान हेच म्हणावे लागेल. अग्निगोलाला पर्याय म्हणून लढवय्याला आणखी एक वार देण्यात अर्थ नाही. मांत्रिक एकट्याने जग वाकवतो, तर लढवय्याच्या शब्दावर दोनशे माणसे उठली पाहिजेत, नदीवर तराफा बांधला गेला पाहिजे, वेशीचा पहारेकरी त्याचा जुना सोबती निघाला पाहिजे. त्याची सत्ता माणसांमधून येते, म्हणून नियमांतही ती माणसांच्या रूपाने यावी.

“पण काका, माणसं दिली की मांत्रिक विचारतो, मला का नाहीत? तोही राजाचा गुरू असू शकतो.”

“असू दे. त्याला लोक भितील. याच्या मागे येतील.”

इतर खेळांनी याच प्रश्नाची वेगळी उत्तरे काढली आहेत. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने वादच काढून टाकला. तिथे मांत्रिक ही वेगळी जातच नाही, भालाईतही भाल्यावर छोटा मंत्र चढवतो. २०१९ साली आलेल्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने मंत्रांना घट्ट आवळले. एका फटक्यात खेळ संपवणारे मंत्र तिथे वरच्या लेव्हलच्या शत्रूवर आपोआप कमजोर पडतात, आणि शस्त्राची सगळ्यात मोठी अचूकता लढवय्याला दिलेली आहे. परिणामी तक्रारीची दिशा बदलली. आता मांत्रिकच म्हणतात, की आम्ही लढवय्याची पालखी उचलायला आहोत. तिसऱ्या आवृत्तीच्या चाहत्यांनी स्वतःच काढलेला एक साधा उपाय म्हणजे सहाव्या लेव्हलला वाढ थांबवायची, गुणाकार हाताबाहेर जायच्या आत.

सगळ्यात धीट उत्तर ‘आर्स मॅजिका’चे. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी १९८७ साली काढलेल्या या खेळात महामांत्रिक उघडउघड सगळ्यांवर भारी आहे आणि नियम ते लपवत नाहीत. मात्र प्रत्येक खेळाडूकडे एक मांत्रिक असतो, एक साथीदार असतो, आणि पदरचे शिपाई सगळ्यांचे मिळून असतात. एका मोहिमेवर एकाचा मांत्रिक जातो, बाकीचे त्याचे साथीदार आणि शिपाई होतात. पुढच्या मोहिमेवर पाळी दुसऱ्याची. गंमत अशी, की हेच ट्वीट पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य रचनाकारांत होते.

काकांना हे लगेच आवडते. “पात्रं सारखी नकोत, पाळ्या सारख्या हव्यात. आमच्याकडे भजनाला पखवाज एकाकडेच राहत नाही.”

पुतण्या अर्धा तयार आहे. त्याच्या टोळीतल्या ज्याला फक्त भीमच व्हायचे आहे, ज्याला वही उघडून तीनशे मंत्रांतून निवड करायचा कंटाळा आहे, त्याला पाळीने मांत्रिक करणे हीही सक्तीच. असे खेळाडू कमी नाहीत, आणि साधा लढवय्या टिकवून ठेवण्याचे एक कारण तेच आहे. साधेपणा ही दुर्बळता नसावी एवढेच त्यांचे मागणे असते.

शेवटी मेजावर लागू करण्यापुरते दोघांचे तीन गोष्टींवर जमते. मोठा मुक्काम फुकट मिळणार नाही, त्याच्या बदल्यात शत्रू पुढे सरकेल. वाढीबरोबर मंत्र आपोआप वहीत येणार नाहीत, ते शोधावे, मागावे किंवा जिंकून आणावे लागतील. आणि पाचव्या लेव्हलपासून लढवय्याच्या नावावर एक गाव आणि बारा माणसे. काकांना सातव्या लेव्हलच्या पुढचे, क्षणात पोचवणारे मंत्र खेळातूनच काढायचे होते. पुतण्या ते काढायला तयार नाही. ते मंत्र मिळवण्यासाठीच अर्धी टोळी वर्षभर खेळते, असे त्याचे म्हणणे. तो मुद्दा त्यांनी टोळी सातव्या लेव्हलला पोचेपर्यंत बाजूला ठेवला आहे.